रुळावर गेलेल्या म्हशींचा हिशेब सालदाराच्या सालात धरू नका

वाचकाचं पत्र (गावाचं नाव त्यांच्या विनंतीवरून छापलेलं नाही) :

ताई, नमस्कार. आमचं गाव रेल्वे लाइनीला लागून आहे. निम्मं शेत लाइनीच्या पलीकडे. पूर्वी तिथे बिनमाणसाचं फाटक होतं, ते बंद करून खालून बोगदा काढला. पावसाळ्यात त्यात कमरेइतकं पाणी साचतं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सालदाराचा मुलगा, वय १६, गुरं चारून घरी आणत होता. बोगद्यात पाणी म्हणून त्याने गुरं लाइनीवरून घातली. मालगाडी गेली, गुरं निघाली, तेवढ्यात दुसऱ्या लाइनीवरून एक्सप्रेस आली. दोन म्हशी जागेवर गेल्या. एक बँकेच्या कर्जाने ९५ हजाराला घेतलेली, दुसरी घरचीच वगार वाढवलेली. दोघींचं मिळून रोजचं १७ लिटर दूध डेअरीला जायचं. रेल्वेचे वर्दीतले दोघं आले, पोराची कागदावर सही घेतली आणि मला म्हणाले, मालकावर केस होईल. गावात कोणी म्हणतं रेल्वे लाखभर देते, कोणी म्हणतं तुलाच रेल्वेला भरून द्यावं लागेल. भाऊबंद म्हणतात, सालदाराच्या सालातून, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या मजुरीतून कापून घे. त्या पोराची आई दारात येऊन बसली होती. 'मना पोऱ्यानी मुद्दाम करं का भाऊ?' एवढंच म्हणत होती. मी काय करू?

उत्तर :

भाऊ, आधी शेवटचं बोलते, कारण तिथे उशीर झाला तर नुकसान होऊन बसेल. सालातून एक रुपयाही कापू नका.

ते पोरगं तुमच्या कामावर होतं, तुमच्या गुरांमागे होतं. बोगद्यात कमरेइतकं पाणी आहे हे तुम्हाला त्याच्या आधीपासून माहीत होतं. मग पावसाळ्यात गुरं कुठून येत-जात होती? त्या दिवशी ती पहिल्यांदा लाइनीवरून गेली असं तुम्ही पत्रात म्हटलेलं नाही, आणि मलाही तसं वाटत नाही. अख्खं गाव ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तो गेला. सोळा वर्षांच्या मुलाने मालगाडी जाऊ दिली, मग गुरं सोडली. त्याने थांबून पाहिलं होतं, भाऊ. मालगाडीच्या आडोशाने पलीकडची गाडी दिसत नाही आणि तिच्या खडखडाटात दुसरीचा भोंगा वेगळा ऐकू येत नाही. दुहेरी लाइनीवर माणसंसुद्धा याच फसवणुकीत जातात.

कायद्याचं म्हणाल तर, दोन म्हशींची किंमत सालदाराच्या नावावर उधारी म्हणून चढवायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडून फुकट किंवा नाममात्र पैशात राबवून घ्यायचं, याला १९७६ च्या कायद्याने वेठबिगार म्हटलं आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. भाऊबंद बोलून मोकळे होतील, कागदावर नाव तुमचं येईल. पण केवळ शिक्षेच्या भीतीने थांबा असं मी म्हणत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेलं साल म्हणजे त्या घराची वर्षभराची भाकर आहे. ती माऊली तुमच्या दारात भांडायला आली नव्हती. तिला आजच सांगून टाका, की पैसे कापणार नाही. हे पत्र छापून येईपर्यंतही थांबू नका.

आता त्या सहीचं. मुलगा १६ वर्षांचा आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत बालक. त्याच्यावर काही कारवाई करायचीच असेल तर ती २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळापुढे जाते, मोठ्यांच्या कोर्टात नाही. आणि असल्या हलक्या गुन्ह्यात बालकावर एकट्याने एफआयआरसुद्धा नोंदवायचा नसतो, डायरीत नोंद घेऊन पुढची माहिती मंडळाला द्यायची असते. आई-बापाला न कळवता रुळाच्या कडेला, मेलेल्या म्हशींसमोर उभं करून घेतलेल्या सहीला फार वजन नाही. त्याचा शाळेचा दाखला काढून ठेवा, त्यावरची जन्मतारीख हाच सगळ्यात मोठा पुरावा. मुलाला पुन्हा बोलावलं तर वडिलांना सोबत पाठवा, तुम्हीही जा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर कोणीच सही करायची नाही, तुम्हीही नाही.

मालकावर केस होईल का? होऊ शकते. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरण्याबद्दल आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विशेष कारण नसेल तर दंड पाचशेच्या खाली येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबादजवळ वटवा आणि मणिनगरच्या मध्ये वंदे भारत गाडी म्हशींच्या कळपाला धडकली, तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाने (आरपीएफ) म्हशींच्या अज्ञात मालकावर याच कलमाखाली गुन्हा नोंदवला होता. यापेक्षा जड कलमंही आहेत. निष्काळजीपणाने प्रवाशांचा जीव धोक्यात घातला तर १५४, त्यात वर्षभराची कैद. जाणूनबुजून घातला तर १५३, त्यात पाच वर्षं. तुमच्या प्रकरणात गाडी रुळावरून उतरली नाही, कोणी प्रवासी जखमी झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे गोष्ट १४७ च्या पुढे जाईल असं मला वाटत नाही. आणि १४७ चे शब्द नीट वाचले तर ते हद्दीत शिरणाऱ्या व्यक्तीबद्दल आहेत. तुम्ही त्या वेळी घरी होतात. हा मुद्दा तुमच्या वकिलाने मांडलाच पाहिजे.

मात्र एक सांभाळा. रेल्वे कोर्टात बरेच लोक 'होय साहेब, चूक झाली' म्हणून दंड भरतात आणि संध्याकाळपर्यंत मोकळे होतात. दंड थोडा असतो, रोज बुडवून तारखांना जाण्यापेक्षा ते स्वस्त वाटतं. पण तुम्हाला पुढे रेल्वेवर भरपाईचा दावा लावायचा असेल, तर आज दिलेली गुन्ह्याची कबुली उद्या तुमच्याच विरोधात पुढे येईल. आधी काय करायचं ते ठरवा, मग कोर्टात तोंड उघडा.

भरपाईचं खरं काय ते सांगते, कारण गावातल्या 'लाखभर'च्या गोष्टीने तुमच्यासारख्या अनेकांनी भुसावळच्या खेपा घालून चपला झिजवल्या आहेत. रुळावर आलेल्या जनावराला रेल्वे भरपाई देत नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणात प्रवाशांचे आणि गाडीत चढवलेल्या मालाचे दावे चालतात. गाडीने उडवलेल्या म्हशीचा दावा तिथे बसत नाही. तहसीलदाराकडेही हे जात नाही. पुरात दुभती म्हैस वाहून गेली तर सरकारी दराने ३७,५०० रुपये मिळतात, पण गाडीची धडक ही नैसर्गिक आपत्ती नव्हे.

उरतं दिवाणी कोर्ट. तिथे म्हैस मेली एवढं दाखवून भागत नाही, रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. फाटक असताना गेटमनने ते उघडं ठेवलं आणि गाडी आली, तर दावा भक्कम. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये केरळच्या एका बिनमाणसाच्या फाटकावरच्या अपघातात म्हटलं आहे, की लोकांची काळजी घेण्याची जबाबदारी रेल्वेवरही येते, कायद्यात लिहिलेलं नाही म्हणून ती सुटत नाही. पण ते फाटक होतं, रहदारीची जागा होती. मोकळ्या लाइनीवर, जिथे जायला मनाई आहे तिथे गुरं गेली, तर कोर्ट पहिला प्रश्न मालकाला विचारतं. 'रेल्वेने कुंपण का नाही घातलं?' असं तुम्ही म्हणाल. कलम १८ प्रमाणे केंद्र सरकार रेल्वेला कुंपण घालायला सांगू शकतं. सांगू शकतं, एवढंच. प्रत्येक किलोमीटरला कुंपण हवंच असा हक्क त्यातून निघत नाही.

रेल्वे इतकी कडक का, तेही समजून घ्या. माझे मामा भुसावळला लोको पायलट होते. रेल्वेच्या कागदात अशा घटनेला सीआरओ म्हणतात, म्हणजे जनावर गाडीखाली येणं. मामांना असं झालं की त्या रात्री जेवण जायचं नाही. ते म्हणायचे, शंभरच्या वेगाने गाडी असताना म्हैस दिसते तेव्हा हातात दोनच गोष्टी असतात, भोंगा आणि ब्रेक. ब्रेक पूर्ण लावला तरी गाडी थांबायला किलोमीटरभर जागा लागते. म्हैस भोंग्याने पळत नाही, ती मान वर करून उजेडाकडे बघत उभी राहते. 'तिचे डोळे दिसतात,' असं एकदाच म्हणाले होते. इंजिनाच्या पुढे खाली लोखंडी जाळी असते ती जनावराला बाजूला ढकलायला, ते चाकाखाली जाऊ नये म्हणून. कधी ते जातंच. ऑगस्ट १९९५ मध्ये उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ कालिंदी एक्सप्रेस एका जनावराला धडकून थांबली आणि मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस तिच्यावर येऊन आदळली. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. एका जनावरापासून सुरुवात झाली होती. म्हणून तुम्हालाच रेल्वेला भरून द्यावं लागेल ही धमकी अगदी पोकळ नाही. मालकाच्या निष्काळजीपणाने मोठं नुकसान झालं तर रेल्वे त्याच्यावर दिवाणी दावा लावू शकते. तुमच्या बाबतीत तशी नोटीस येईल असं वाटत नाही, आलीच तर उत्तर न देता ठेवू नका.

तुमच्या पत्रात एक ओळ मला सर्वांत कामाची वाटली, आणि तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. एक म्हैस बँकेच्या कर्जाची आहे. कर्जावर जनावर देताना बँक बहुतेक वेळा विमा उतरवते, हप्ता खात्यातून परस्पर कापते, आणि शेतकऱ्याला पॉलिसीचा कागद कधी दिसतच नाही. आजच पासबुक घेऊन बसा. कर्ज मिळालं त्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी त्याच सुमारास कापलेली एखादी न कळणारी रक्कम शोधा. सापडली की बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जनावरांच्या विम्यात अपघाती मृत्यू धरलेला असतो. विमा कंपनी कानातला बिल्ला बघते, तोच बारा आकडी पिवळा टॅग. तुम्ही म्हशी पुरल्या की नाही ते लिहिलेलं नाही. पुरल्या असतील तर टॅग आणि फोटो कोणाकडे आहेत ते शोधा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनामा यांच्या नकला मागून घ्या. शवविच्छेदन झालंच नसेल तर तेही अर्जात प्रामाणिकपणे लिहा आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडा. रेल्वेशी वर्षानुवर्षं भांडून जे मिळायची आशा धूसर आहे, त्यातलं निम्मं या विम्यातून काही महिन्यांत हाती येऊ शकतं.

आणि उरलेल्या गुरांचं? राष्ट्रीय पशुधन अभियानात विम्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा २०२४ पासून पंधरा टक्के केला आहे, बाकीचा सरकार भरतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन योजना तुमच्याकडे कशी चालू आहे ते विचारा. गोठ्यात टॅग नसलेलं एकही जनावर ठेवू नका. घरच्या वगारीला टॅग नव्हता, असा माझा अंदाज आहे. घरची म्हणून राहून जातं.

आता बोगद्याकडे येते. म्हशींच्या पैशांसाठी तुम्ही रेल्वेशी लढलात तर हरण्याची शक्यता जास्त आहे. बोगद्यासाठी लढलात तर ती जागा तुमच्या बाजूची आहे. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची सगळी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. ते चांगलंच झालं, त्या फाटकांवर किती ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेल्या ते आपण पाहिलं आहे. पण फाटक काढून बदली वाट दिली, तर ती वाट चालू असली पाहिजे. आपल्या काळ्या मातीत खणलेला खड्डा श्रावणात भरणार हे कोणाही शेतकऱ्याने सांगितलं असतं. रेल्वे कायद्याच्या कलम १६ मध्ये म्हटलं आहे, की लाइनीमुळे शेताची वहिवाट तुटली असेल तर ती जोडायला पूल, मोरी, रस्ता रेल्वेने करून द्यायचा. यात एक अट आहे. लाइन सुरू होऊन दहा वर्षं उलटली की नवीन जादा कामाचा खर्च रेल्वेवर टाकता येत नाही. मग कलम १७ प्रमाणे राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था आपल्या खर्चाने मागू शकते. तुम्हाला हीच अट दाखवून परत पाठवतील. तेव्हा शांतपणे सांगायचं, की आम्ही नवीन काम मागत नाही. आमचं होतं ते फाटक तुम्ही बंद केलं आणि त्याच्या बदली दिलेली वाट चार महिने पाण्यात असते, ती कोरडी करून द्या. पंप, गटार, वर पत्रा, जे लागेल ते.

अर्ज कुठे द्यायचा यातही आपल्याकडे लोक चुकतात. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही बाजू मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाची. पण नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या सुरतेच्या लाइनीवर पश्चिम रेल्वे आहे, तिचा विभाग मुंबई सेंट्रलला. अमळनेरकडच्या गावाने भुसावळला डीआरएमकडे (विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे) अर्ज दिला तर तो नुसता फिरत राहतो. कोर्टात जायचं ठरलंच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस त्या-त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकाला जाते. भुसावळ विभागासाठी ते मुंबईत सीएसएमटीला बसतात, पश्चिम रेल्वेसाठी चर्चगेटला. आणि मुदत लक्षात ठेवा. काही प्रकारच्या नुकसानीच्या दाव्याला एकच वर्ष मिळतं, म्हणून वकिलाकडे दिवाळीनंतर जाऊ असं म्हणू नका.

अनेक ठिकाणी बोगद्यातल्या पाण्यासाठी रेल्वे ग्रामपंचायतीकडे बोट दाखवते, ग्रामपंचायत रेल्वेकडे. ते थांबवायला दोघांची नावं एकाच कागदावर आणा. ग्रामसभेचा ठराव करा. त्यात बोगद्याचा किलोमीटर क्रमांक लिहा, तो लाइनीच्या कडेच्या खांबावर असतो. गावातली किती घरं, किती एकर शेत पलीकडे आहे ते लिहा. शाळेची पोरं पलीकडून येत असतील तर ते सगळ्यात वर लिहा. पाणी भरलेल्या बोगद्याचे तारखेसह फोटो जोडा, जमलं तर कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाचा, म्हणजे खोली कोणाला नाकारता येणार नाही. तुमच्या म्हशींची घटनाही लिहा. त्यातल्या पोराचं नाव मात्र लिहू नका.

आणि ही वाट कोरडी होईपर्यंत गुरं लाइनीवरून घालायची नाहीत. दूरचा रस्ता असेल तर दूरचा. नसेल तर पावसाळाभर गोठ्यात बांधून कुट्टी आणि सरकीची पेंड घाला. मला माहीत आहे पेंडीचा भाव काय आहे. तरी. त्या दिवशी पोरगं म्हशींच्या मागे होतं, म्हणून वाचलं. पुढे असतं तर त्याच्या आईला रेल्वेकडून एक पैसाही मिळाला नसता. हद्दीत शिरलेल्या माणसाला प्रवाशासारखी भरपाई नसते. गोपीनाथ मुंडे योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख आहेत, रेल्वे अपघातही त्यात धरतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. सालदाराच्या घरात सातबारा नाही.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा भरेल. ठरावाचा मसुदा मी करून देते, तुम्ही गाव, किलोमीटर क्रमांक आणि फोटो पाठवा. त्याआधी बँकेत जाऊन या, आणि जाताना सालदारालाही सोबत घ्या. म्हैस कोणत्या दिवशी आणली, तिच्या कानात टॅग कोणी मारला, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं आठवत असेल.